पाटल्या घरात होत्या, सोनं गेलं होतं

गेल्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला माझ्या सासूबाईंच्या हातात पाटल्या नव्हत्या. ते पहिल्यांदा लक्षात आलं नणंदेच्या. ती देवासहून सकाळीच आमच्याकडे इंदूरला आली होती. पन्ह्याचे पेले भरता भरता तिनं विचारलं, "आई, पाटल्या कुठे गं तुझ्या?" आई म्हणाल्या, "उन्हाळ्यात हात सुजतात हल्ली. काढून ठेवल्यात." विषय तिथेच संपला. बायका येत होत्या, भिजवलेले हरभरे संपत आले होते, आंब्याच्या डाळीत मीठ कमी पडलं होतं. १८ एप्रिल २०२५, शुक्रवार होता.

रात्री सगळं आवरल्यावर मी त्यांच्या पायांना तेल लावायला बसले, तेव्हा त्यांचे हात नीट पाहिले. सूज कुठेच नव्हती. "आई, काय झालंय?" एवढंच विचारलं आणि त्या रडायला लागल्या. मी लग्न होऊन या घरात आले त्याला बावीस वर्षं झाली. मामंजींच्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

त्यांनी कपाटातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. आत पाटल्या होत्या, दोन्ही. मला हायसं वाटलं, पण हातात घेतल्यावर वजन चुकल्यासारखं वाटलं. १९७३ साली त्यांच्या लग्नात केलेल्या, चार तोळ्यांच्या, पेचाच्या पाटल्या. वरची वेलबुट्टी मला बोटांनीसुद्धा ओळखता आली असती. ती झिजलेल्या साबणावरच्या नावासारखी पुसट झाली होती. कडा पातळ, आणि सगळ्यावर एक पांढरट मेणचट थर.

मग त्यांनी सांगितलं. दहा दिवस त्या हे एकट्या बाळगून होत्या.

८ तारखेला मंगळवारी आम्ही दोघं कामाला आणि मुलगा क्लासला गेल्यावर, अकराच्या सुमारास, त्या ओटल्यावर बसून देवाची भांडी घासत होत्या. समई, घंटा, ताम्हण, गौरीचा पाळणा. दोघेजण मोटारसायकलवरून आले. एक चाळिशीचा, एक पोरसवदा. दोघांच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र. एका नावाजलेल्या कंपनीची भांडी घासायची पावडर आहे, नमुना फुकट देतोय, म्हणाले. पोरानं समई घेतली आणि दोन मिनिटांत अशी लखलखीत करून दिली की आई खूश झाल्या. मग म्हणाला, "माताजी, चाँदी का कुछ हो तो वो भी कर देता हूँ." आईंनी अत्तरदाणी आणून दिली. तीही चमकली. तोपर्यंत ऊन वाढलं होतं. आई म्हणाल्या, "अंदर बैठो बेटा, धूप लग रही है."

हे सांगताना त्या थांबल्या. "मीच म्हटलं गं त्यांना आत या म्हणून. त्यांनी नाही मागितलं."

आत आल्यावर मोठ्यानं हाताकडे बघून म्हटलं, पाटल्यांवर मळ बसलाय, माताजी, त्यौहार है, चमका देते हैं. आईंनी आधी नको म्हटलं. तो म्हणाला, आपके सामने करूँगा, आप देखती रहना. त्यांच्या देखतच केलं. पिशवीतून बाटली काढली, वाटीत पाणी ओतलं, पाटल्या त्यात बुडवून ब्रशनं घासत राहिला. झोंबरा वास आला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटीतलं पाणी पिवळं झालं. मळ निघतोय, तो म्हणाला. मग आमच्याच डब्यात हळद आणि पाणी घालायला लावलं, पाटल्या त्यात टाकल्या, झाकण लावून डबा गॅसवर ठेवायला सांगितला. दहा मिनिटं उघडायचं नाही, रंग पक्का होऊ द्या. "और माताजी, एक गिलास पानी." आई डबा गॅसवर ठेवून पाणी घेऊन बाहेर आल्या तर बैठकीत कुणी नव्हतं. वाटीसुद्धा नव्हती. मामंजी मागच्या खोलीत झोपलेले. त्यांना कमी ऐकू येतं.

आईंनी धावत जाऊन डबा उघडला. पाटल्या आत होत्या. त्यांनी देवाला नमस्कार केला. संध्याकाळी हातात घातल्या तेव्हा कळलं.

"आई, तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण ते मला ठाऊक होतं. त्याच्या आदल्या वर्षी पाण्याच्या फिल्टरचा एक विक्रेता त्यांनी घरात घेतला होता आणि तीन हजार रुपये बयाणा देऊन बसल्या होत्या. माझा नवरा त्यांना मुलासमोर, मामंजींसमोर अर्धा तास बोलला होता. कितीदा सांगितलं, दार उघडायचं नाही, तुला कळत कसं नाही, असं सगळं. त्या खाली मान घालून ऐकत होत्या. मीही त्या खोलीत होते आणि त्याला थांबवलं नव्हतं.

आता इंदूरबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगते, कारण आईंना भोळ्या म्हणून मोकळं होणं सोपं आहे. २०१७ पासून आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं येऊ लागलं, आणि ते उगाच आलेलं नाही. रोज सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते, आम्ही दारं उघडून ओला-सुका वेगळा देतो. वेगळा दिला की नाही हे बघायला माणसं येतात. कधी डासांच्या अळ्या तपासायला येतात, कूलरचं पाणी काढा म्हणतात. कधी घरपट्टीचं सर्वेक्षण. सगळ्यांच्या गळ्यात पट्टा. बहुतेक सगळी खरी आणि चांगली माणसं. गळ्यात ओळखपत्र म्हणजे आपला माणूस, हे आईंच्या अंगात आठ वर्षांत मुरलं होतं. त्या दोघांनी नेमका तोच वेश घेतला. त्या पट्ट्यावर काय लिहिलं होतं ते आईंनी वाचलं नाही, आणि मीही इतक्या वर्षांत कुणाचं वाचलेलं आठवत नाही.

मी त्या रात्रीच नवऱ्याला सांगितलं. सांगण्याआधी म्हटलं, "ऐकून झाल्यावर आईंकडे जायचं, पण एक शब्द बोलायचा नाही." तो गेला. त्यांच्या पलंगावर बसून राहिला. काय बोलले मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळीच आम्ही समोरच्या भाभींकडे गेलो. त्यांचा कॅमेरा थेट आमच्या ओटल्यावर असतो. भाभींनी लगेच टीव्हीवर लावून दिलं. १२ तारखेच्या आधीचं काही नव्हतं. त्यांच्या यंत्रात सात दिवसांचंच चित्रण मावतं, मग जुन्यावर नवं चढत जातं. तीन-चार दिवस आधी विचारलं असतं तर दोघांचे चेहरे मिळाले असते. नवरा तिथे खुर्चीवर बसला तो बराच वेळ उठलाच नाही. मला वाटतं, आदल्या वर्षीच्या त्या अर्ध्या तासाची किंमत त्याला तिथे कळली. मला तरी कळली.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पंधरा दिवसांचं राहतं. तिथे मिळालं. ११ वाजून ४७ मिनिटांनी मोटारसायकल जाताना, पाठीमागून. नंबरप्लेट अर्धी दुमडलेली. मागे बसलेल्याच्या मांडीवर पिशवी, आणि ती त्यानं दोन्ही हातांनी अशी सांभाळून धरली होती की जणू आत दूध आहे. दुकानदाराला आम्ही म्हटलं, पेन ड्राइव्हवर द्या. त्यानं दिलं. पुढे पोलिसांकडून कळलं की नुसता पेन ड्राइव्ह कोर्टात चालत नाही, त्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, ज्याच्या यंत्रातून काढलं त्याच्या आणि तज्ज्ञाच्या सहीचं. दुकानदार भला माणूस, त्यानं त्याच्या भागाची सही दिली. म्हणून सांगते, असं काही घडलं तर पहिला फोन शेजारच्या कॅमेरेवाल्याला करा आणि चित्रण काढून ठेवायला सांगा. बाकीची कामं एक दिवस थांबू शकतात.

तिथून आम्ही सराफ्यात गेलो. रात्रीचा सराफा सगळ्यांना माहीत आहे, भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायला लोक लांबून येतात. दिवसाचा सराफा सोन्याचा. आमच्या सोनाराकडे तीन पिढ्यांचं येणं-जाणं. त्यांनी पाटल्या हातात घेतल्या आणि डोळ्यांना भिंग न लावताच म्हणाले, "तेजाब." मग समजावून सांगितलं. साधा एकच तेजाब सोन्याला काही करत नाही. शोऱ्याचा एक भाग आणि मिठाचा तीन भाग एकत्र केला की सोनं विरघळतं. शाळेत अम्लराज म्हणून शिकलो होतो तेच. ते पाणी पिवळं होतं, कारण सोनं त्यात उतरलेलं असतं, आणि नंतर त्याच पाण्यातून ते परत काढता येतं. पाटल्यांवरचा पांढरट थर म्हणजे बावीस कॅरेटमध्ये मिसळलेल्या चांदीचा उरलेला अंश. म्हणूनच हळदीचा डबा, म्हणूनच दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. डबा ही चोरांना मिळालेली वेळ. तुमचा जिन्नस तुमच्या घरात ठेवून ते सोनं वाटीतून घेऊन जातात, आणि तुम्ही देवाचे आभार मानता.

त्यांनी तोललं. ३८.६४० ग्रॅम.

आधीचं वजन काय, हा प्रश्न आला. १९७३ ची पावती कुठली असणार. पण २०२३ च्या दिवाळीत एका पाटलीचा पेच याच दुकानात दुरुस्त केला होता आणि तेव्हाची दोन्हींच्या तोलाची चिठ्ठी त्यांच्या वहीत होती, शिवाय आमच्या ड्रॉवरमध्येही. ४६.१८० ग्रॅम. फरक ७.५४० ग्रॅम. आजवर मी असल्या चिठ्ठ्या वर्षाच्या शेवटी रद्दीत घालत आले होते. ही राहिली कारण तिच्यामागे आईंनी वाणसामानाची यादी लिहिली होती.

त्या संध्याकाळी आम्ही ठाण्यात गेलो. ठाणं कुठलं ते लिहीत नाही. मुंशीजींनी, म्हणजे ठाण्यातल्या लेखनिकांनी, ऐकून घेतलं आणि विचारलं, "माल कहाँ है?" मी पाटल्या दाखवल्या. "माल तो घर में ही है. फिर चोरी कैसी?" नवऱ्याचा आवाज चढायला लागला. मी तोलाच्या दोन्ही चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. मुंशीजींनी त्या बघितल्या, बाजूच्याला दाखवल्या, मग म्हणाले, आवेदन दे जाइए, जाँच में रखते हैं. आम्ही तिथेच बसून हिंदीत अर्ज लिहिला, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारखेसह पावती घेतली. मध्य प्रदेशात ज्यानं ठाण्याची पायरी चढली आहे त्याला माहीत असेल, आवेदन आणि कायमी यांत फरक आहे. आवेदन म्हणजे कागद. कायमी झाली की गुन्हा क्रमांक पडतो आणि तपास सुरू होतो. आवेदन महिनोन्महिने जाँच में राहू शकतं.

घरी आल्यावर आमच्या एका नातलग काकांना फोन केला. ते जिल्हा न्यायालयात बाबू होते. त्यांनी अर्ज वाचून दाखवायला सांगितला आणि म्हणाले, "तुम्ही सगळीकडे चोरी लिहिलंय. चोरी लिहू नका, धोखाधडी लिहा. फसवून तिच्याकडून वस्तू हातात घेतली. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, उपकलम ४. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे." आणखी एक सांगितलं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की गुन्हा नोंदवावाच लागतो, हा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाचा २०१३ चा निकाल आहे, ललिता कुमारीचा. "भांडायला जाऊ नका. दुसरा अर्ज लिहा, नीट लिहा, आणि टीआय साहेबांनाच, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांनाच, भेटा. नाहीच ऐकलं तर वरच्या अधिकाऱ्याला टपालानं पाठवता येतं, तीही कायद्यातलीच वाट आहे."

वरपर्यंत जावं लागलं नाही. २२ तारखेला, मंगळवारी, आम्ही टीआय साहेबांना भेटलो. आईंना नेणार नव्हतो. स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तो राहत्या घरी घ्यावा लागतो, हे काकांनी सांगितलंच होतं. पण सकाळी त्या जरीकाठाची साडी नेसून तयार होत्या. "मी येते. त्यांना मीच सांगते, नाहीतर तुम्ही काहीतरी विसराल."

टीआय साहेबांनी अर्ज वाचला, चिठ्ठ्या बघितल्या, पाटल्या हातात घेतल्या. म्हणाले, "कायमी करो." त्याच दिवशी सोनं दहा ग्रॅमला एक लाखावर गेलं होतं, टेबलावर वर्तमानपत्र पडलं होतं. साडेसात ग्रॅम म्हणजे सत्तर हजारांच्या आसपास. पण आईंच्या मनात तो हिशेब नव्हता. त्यांच्या आईनं त्या पाटल्या स्वतःच्या गोठांमधून मोडून केल्या होत्या.

संगणकावर एक तरुण आरक्षक, म्हणजे कॉन्स्टेबल, बाई बसल्या होत्या. त्यांनी एकेक रकाना भरत नेला. फरियादिया का नाम. घटना का दिनांक. मशरूका, म्हणजे गेलेला माल, तिथे लिहिलं ७.५४० ग्राम सोना. मग आठवा रकाना आला. रिपोर्ट उशिरा देण्याचं कारण. बाईंनी विचारलं, "माताजी, चौदह दिन हो गए. देर क्यों हुई?"

नवरा उत्तर द्यायला लागला, तब्येत ठीक नव्हती वगैरे. आईंनी हातानं थांबवलं. त्यांचं हिंदी इंदुरी, म्हणजे आमचं सगळ्यांचंच. त्या म्हणाल्या, "शरम आई, बेटा. और घर में डर लगा, कि सब क्या बोलेंगे."

बाईंनी मान वर करून आधी आईंकडे, मग आमच्याकडे पाहिलं. आणि टाइप केलं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागायची लाज वाटू देऊ नका, तुमचा हक्क आहे. आमच्या प्रतीत आठव्या रकान्यात छापून आलं: शर्म एवं भय के कारण. नवऱ्यानं ती प्रत गाडीत बसून वाचली, घडी घातली, आणि घरी येईपर्यंत गाडी चालवायला मला दिली.

पुढची हकिगत तपासाच्या दृष्टीनं फार नाही. आरक्षक बाई घरी येऊन आईंचा सविस्तर जबाब घेऊन गेल्या. डबाही बघितला, पण तो आईंनी त्याच संध्याकाळी घासून टाकला होता. त्यात काही उरलं असतं तर तपासता आलं असतं. हेही आता ध्यानात आहे: डबा, फडकं, त्यांनी हात लावलेला पेला, काहीच धुवायचं नव्हतं. सराफ्यात दोन पंचांसमोर पुन्हा तोल झाला, फोटो झाले. नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते फिर्यादीला कळवावं लागतं असं नव्या कायद्यात आहे. जुलैमध्ये तसा फोन आला. धारच्या बाजूला एक टोळी पकडली होती, त्यांचे फोटो दाखवले. आईंनी एकेक फोटो बराच वेळ पाहिला आणि नाही म्हणाल्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "एकाचं नाक तसंच होतं. पण तसंच म्हणजे तोच नव्हे ना." ते दोघे अजून सापडलेले नाहीत.

मला जे लिहायचं होतं ते यापुढचं आहे.

मे महिन्यात आईंच्या महिला मंडळाची बैठक होती. पंचवीसेक बायका, बहुतेक साठीपुढच्या, दासबोधाचं वाचन आणि नंतर चहा. वाचन झाल्यावर आई उठल्या आणि म्हणाल्या, "मला पाच मिनिटं द्या." सगळं सांगितलं. समईपासून आठव्या रकान्यापर्यंत. मी त्यांना सोडायला गेले होते आणि दारात उभी होते. कुणी हसलं नाही, कुणी मध्ये बोललं नाही. मग मागच्या गल्लीतल्या एक आजी म्हणाल्या, माझी सोन्याची साखळी अशीच हलकी झाली फेब्रुवारीत. त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. सुनेला वाटत होतं, साखळी बँकेच्या लॉकरमध्ये आहे. आणखी एकीच्या बांगड्या गेल्या होत्या, तिनं घरी सांगितलं होतं, पण मुलांनी ठरवलं, आता बोभाटा नको. फेब्रुवारीत एकीनं तोंड उघडलं असतं तर एप्रिलमध्ये आमच्या दारात ते दोघे आले तेव्हा सगळी वसाहत सावध असती. मी हे त्या आजींना बोलले नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही गप्प बसले असते. जिथे बोलल्यावर बोलणीच खावी लागतात तिथे माणूस कशाला बोलेल? चोरांना हे पक्कं माहीत असतं. त्यांच्या धंद्याचं निम्मं भांडवल ते अम्लराज, आणि निम्मं आपल्या घरातली बोलणी.

मग घराचं काय करायचं हा प्रश्न होता. चॅनल गेट होतंच, त्याला आतून कुलूप सुरू केलं. कॅमेरा लावला. पण या गोष्टी सोप्या. अवघड होतं ते आईंना नाही म्हणता येणं.

आम्ही तालीम केली. माझा सतरा वर्षांचा मुलगा बाहेर उभा राहायचा आणि नवनवीन माणूस व्हायचा. पहिल्या दिवशी तो गॅसवाला झाला. "माताजी, पाइप चेक करना है." आई म्हणाल्या, "आज नहीं." तो म्हणाला, "माताजी, बहुत दूर से आया हूँ, धूप में." आणि आईंचा हात किल्लीकडे गेला. समोर नातू आहे हे माहीत असूनही. त्या खजील झाल्या, म्हणाल्या, "उन्हातल्या माणसाला बाहेर उभं ठेवायचं म्हणजे... मला नाही जमत रे."

चार दिवस हेच झालं. आम्ही त्यांना वाक्यं शिकवत होतो आणि ती त्यांच्या तोंडात बसत नव्हती. 'निकलो यहाँ से' हे माझ्या सासूबाईंच्या तोंडून निघणारच नाही, आणि निघू नये असंच मला वाटतं. शेवटी मार्ग त्यांनीच काढला. एके सकाळी त्यांनी मुलाला पाठवून कुंभाराकडून तोटीचा माठ आणवला. गेटच्या बाहेर, ओटल्याच्या कोपऱ्यात, लिंबाच्या सावलीत तिवईवर ठेवला. वर झाकण, बाजूला साखळीनं बांधलेला स्टीलचा पेला, आणि बसायला जुना स्टूल. "आता ज्याला तहान लागेल तो पाणी पिईल, बसेल. मला दार उघडायचं कारणच नाही."

त्या दिवसापासून तालीम जमली. गेट बंद, आई आतून बोलायच्या: "बैठो भैया, पानी पियो, मैं फोन करके पूछती हूँ." एकटी आहे असं कधी सांगायचं नाही. फोन करायचा तो समोरच्यानं दिलेल्या नंबरावर नव्हे, आपल्या भिंतीवर लिहिलेल्या नंबरावर. मुलानं पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून दिलं: गॅस एजन्सी, पुस्तकावरून उतरवलेला नंबर. वीज १९१२. समोरच्या भाभी. आणि पोलीस, जो आमच्याकडे तेव्हा १०० होता आणि ऑगस्ट २०२५ पासून ११२ झाला, तेव्हा आईंनी स्वतः खोडून नवा लिहिला. भाभींना फक्त मिस्ड कॉल द्यायचा, त्या गॅलरीत येऊन उभ्या राहतात. त्यांच्याकडे कुणी आलं की आई आमच्या खिडकीत. दोघींनी हे अगदी गंभीरपणे चालवलं आहे.

दिवाळीच्या आधी दोघे आले, मीटरमध्ये बिघाड आहे, आतला बोर्ड बघावा लागेल म्हणाले. आमचं मीटर बाहेरच्या भिंतीवर आहे. आई म्हणाल्या, "बैठो, १९१२ को पूछती हूँ." फोन लागायच्या आत मोटारसायकल सुरू झाली होती. त्यांनी पाण्याला हातसुद्धा लावला नाही. आईंनी पुठ्ठ्याच्या मागे गाडीचा नंबर लिहिला, ११२ ला सांगितला, गाडी येऊन चौकशी करून गेली, आणि आईंनी मला ऑफिसात फोन केला. त्यांनी हे मला त्याच क्षणी सांगितलं, याचा मला नंबरापेक्षाही जास्त आनंद झाला. नवऱ्यानं संध्याकाळी येताना छप्पन दुकान या खाऊगल्लीतून त्यांच्यासाठी गरम जिलेबी आणली.

गेल्या आठवड्यात भर दुपारी गॅस एजन्सीचा माणूस आला. पन्नाशीचा, घामानं निथळलेला. शेगडी आणि नळीची सुरक्षा तपासणी. मी रजेवर होते, पण आईंनी मला खुणेनं आत थांबायला सांगितलं. "बैठो भैया, पानी पियो." त्यांनी चष्मा लावून जाळीतून त्याचं ओळखपत्र वाचलं, नाव मोठ्यानं म्हणून दाखवलं, पुठ्ठ्यावरचा नंबर लावला. एजन्सीनं फोन उचलायला वेळ लावला. दुसऱ्यांदा लावला. तोवर तो माणूस स्टुलावर बसून दोन पेले पाणी प्यायला, तिसरा तोंडावर मारला. नाव जुळलं. आईंनी भाभींना मिस्ड कॉल दिला, मग कुलूप काढलं आणि म्हणाल्या, "भैया, बुरा मत मानना, पूछना पड़ता है."

"बुरा क्या मानना, माताजी," तो चपला काढत म्हणाला. "सुबह से पचास घर हो गए. किसी ने बैठने को नहीं कहा."

आई त्याला स्वयंपाकघर दाखवायला आत गेल्या. हातात पाटल्या होत्या. सोनार म्हणतात नवीन घडवून देतो, पण केसचा निकाल लागेपर्यंत त्या तशाच ठेवायच्या, असं त्यांनी ठरवलं आहे.